पाचवीला शिकवणी लावावी का?

वर विचारलंय, पाचवीच्या पोरासाठी स्कॉलरशिपची शिकवणी लावावी का. ही परीक्षा पाचवीला 2025-26 पर्यंत होती, आता ती चौथीला असते; पण आमची पोरगी पाचवीला होती तेव्हा आम्ही नाही लावली. कोल्हापुरात मंगळवार पेठेत आमच्या गल्लीत सगळ्यांनी लावली होती, त्यामुळं जीव टांगणीला होता हे खरं!

पोरगी हुशार, पण वेळ पुरायचा नाही. एका पेपरला 90 मिनिटांत 75 प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला सव्वा मिनिटसुद्धा नाही. दोन पेपर, एकूण 300 गुण. त्यातले 200 नुसत्या गणित आणि बुद्धिमत्तेचे. म्हणून जुन्या प्रश्नपत्रिका आणल्या आणि रविवारी सकाळी घड्याळ लावून एकच पेपर. मग दोघं बसून चुका बघायच्या, त्यालाच खरा वेळ जायचा. निम्म्या चुका गणिताच्या नव्हत्याच, प्रश्नातला 'नाही' हा शब्दच वाचलेला नसायचा. उत्तरपत्रिकेतले गोल रंगवायचा सरावही घ्या, एक ओळ सरकली की पुढचं सगळं मुसळ केरात.

संध्याकाळचं रंकाळ्यावर खेळणं मात्र बंद केलं नाही. आजी चिडायची, चिडू दे.

आणि स्कॉलरशिपच्या नादात शाळेची वार्षिक परीक्षा विसरू नका. पाचवीला आता नापास करतात, आधी एक फेरपरीक्षा घेऊन.