पांढऱ्या गावरान मक्याचं बियाणं कुठे मिळेल? आणि मिळालं तर टिकवायचं कसं?

विहिरीवरचा
नमस्कार मंडळी. येवला तालुक्यात आमची चार एकर जमीन. वडील पूर्वी नंदुरबारच्या धडगावकडे मास्तर होते. तिथून बदली झाली तेव्हा आईनं शेजारणीकडून पांढऱ्या मक्याची कणसं आणली होती. पुढे बरीच वर्षं ती घरात टिकली. सालासकट जोड्या बांधून चुलीवरच्या आढ्याला टांगलेली, धुरानं काळी पडलेली, पण आत दाणा पांढराशुभ्र. एका दुष्काळात सगळं पेरलं, काहीच उगवलं नाही आणि वाण गेलं.
मागच्या वर्षी ऑनलाइन ‘गावरान पांढरा मका’ म्हणून पाकीट मागवलं. पीक पलटणीसारखं एका उंचीचं आलं, तेव्हाच पाल चुकचुकली होती. घरचं बी धरून यंदा लावलं तर एक झाड गुडघ्याएवढं, एक डोक्यावर. म्हणजे संकरितच होतं. खरं बियाणं कुठे शोधू? आणि चहूबाजूंनी संकरित मका असताना दहा गुंठ्यात ते शुद्ध राहील का?

सातपुड्याची_पायवाट
भाऊ, पाकिटात शोधू नका. दिवाळीनंतर धडगाव किंवा मोलगीच्या आठवडे बाजाराला जा. तिथून ओळख काढत पाड्यावर जा. सुटे दाणे घेऊ नका, कणसंच मागा. कणीस बघितलं की निम्मी कुंडली कळते. एकाच घरातून पोतं उचलण्यापेक्षा सात-आठ घरांतून दहा-दहा कणसं घ्या. प्रत्येक घरी विचारा, बी किती वर्षं घरचं आहे आणि शेजारी संकरित लावतात का. आता डोंगरातही पाकिटं पोचलीत.
बायफ संस्थेनं धडगाव भागात स्थानिक मका आणि ज्वारीची वाणं जमवून जपायचं काम केलंय. त्यांच्याकडेही चौकशी करा. बियाणं म्हटलं की सगळे कोंभाळण्याला राहीबाई पोपेरेंकडे धावतात, पण त्यांची ख्याती वाल, घेवडा आणि भातासाठी. मक्यासाठी नंदुरबारच गाठा.
आणि जाताना आपल्याकडचं काही बी घेऊन जा. रिकाम्या हातानं बी मागायला जाऊ नये.

तिरकस_तात्या
मका मूळचा मेक्सिकोचा. त्याला गावरान म्हणता?

सातपुड्याची_पायवाट
तात्या, मिरचीही तिकडचीच. ठेचा सोडताय का?

बियाणेवेडी
विहिरीवरचा दादा, बी मिळणं हा सोपा भाग. वाल, वांगं चार झाडांवर जपता येतं, मका नाही. तुऱ्यातले पराग वाऱ्यावर उडतात आणि कोणाच्याही कणसाच्या केसरांवर बसतात. बीजोत्पादनात साधारण २०० मीटर अंतर सांगतात. चार एकरांत ते जमणार नाही, म्हणून वेळ बदला. खरिपात लावूच नका. शेजाऱ्यांचा मका सोंगून झाला की ऑक्टोबरअखेर पेरा. आधी आजूबाजूला विचारा, कोणी रब्बीत चाऱ्याला मका टाकतंय का. टाकत असेल तर दोघांच्या तुऱ्यांत तीन-चार आठवड्यांचं अंतर पडेल असं बघा. रब्बीत झाडाची उंची कमी राहू शकते, घाबरू नका.

तुमचा मका पांढरा आहे हे नशीबच. पिवळ्याचे पराग पांढऱ्यावर पडले तर त्याच कणसात, त्याच वर्षी फिकट पिवळे दाणे दिसतात. मी पहिल्यांदा केलं तेव्हा एका कणसात सात निघाले, खालच्या पांढऱ्या ओळींत हळद सांडल्यासारखे. ते टोकरून कोंबडीला टाकले. भेसळ पिवळ्या वाणात झाली असती तर मला पत्ताही लागला नसता. मात्र लाल सालाच्या दाण्यावर विश्वास ठेवू नका. दाण्याचं साल आईकडून येतं, बाप कोण ते सांगत नाही.

दुसरी चूक सगळे करतात. सर्वात मोठी पाच कणसं निवडतात आणि त्यांचंच बी धरतात. तीन-चार वर्षांत झाडं खुरटतात. मका एकमेकांत मिसळूनच ताकद धरतो. दहा गुंठ्यात पाच हजार झाडं सहज बसतात, तर किमान शंभर-दीडशे झाडांची कणसं घ्या. उंच, बुटकी, लवकर आलेली, सगळी. रोगट आणि लोळलेली तेवढी सोडा. कणसाच्या टोकाचे आणि बुडाचे दाणे काढून मधलेच ठेवा.

वाळवताना दाणा दाताखाली कट्टकन फुटला पाहिजे. मऊ दबला तर अजून ऊन द्या. मग राख मिसळून घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा, नाहीतर सोंडे पोखरतात. पेरणीआधी शंभर दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून उगवण मोजा. आणि आईनं केलं ते करू नका, सगळं बी एकाच हंगामात पेरू नका. निम्मं मागे ठेवा, थोडं दुसऱ्या गावच्या कोणाला द्या.

कोरडवाहू
असं घरचं बी विकलं तर कृषी खातं पकडेल का?

बियाणेवेडी
नाही. २००१ च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यानं, कलम ३९, शेतकऱ्याला घरचं बी राखायला, पेरायला, अदलाबदल करायला, विकायलाही मुभा आहे. फक्त ब्रँडचं लेबल लावून विकता येत नाही.

विहिरीवरचा
सगळ्यांचे आभार. दिवाळीनंतर धडगावला जातो, आईलाही नेतो. कणीस हातात घेतलं की ती ओळखेल. यंदा बी फक्त जमवून ठेवतो, पेरणी पुढच्या ऑक्टोबरला. एकच शंका: रब्बीत अख्ख्या शिवारात माझाच मका हिरवा असणार. पोपट सोडतील का?

बियाणेवेडी
नाही सोडणार. बाहेरचे पराग आधी कडेवरच पडतात, म्हणून कडेच्या चार-पाच ओळी तशाही बियाण्याला घ्यायच्या नसतात. त्या पोपटांच्या. मधल्या कणसांना झाडाचंच पान टोकावरून दुमडून बांधा.