‘फेटिश’ला मराठीत काय म्हणायचं? (आणि कराबा चेटकीण की जखीण?)

खडीसाखर: भाचीच्या शाळेतल्या नाटुकल्यासाठी पश्चिम आफ्रिकेतली किरिकूची गोष्ट फ्रेंचवरून मराठीत आणतेय. (या लोककथेवर १९९८ मध्ये फ्रेंच अ‍ॅनिमेशनपट आला होता, तो काहींनी पाहिला असेल.) किरिकू हे बाळ आईच्या पोटातूनच बोलतं, आपलं आपण जन्मतं, आपली नाळ आपणच कापतं आणि जेमतेम गुडघ्याएवढं असताना कराबा नावाच्या जादूगारणीच्या वाटेला जातं. गावचा झरा आटलेला, बायकांचं सोनं कराबाने नेलेलं, तिच्याशी लढायला गेलेले पुरुष परतलेच नाहीत. तिने ते खाल्ले अशी गावभर वदंता.

घोडं अडलंय ते तिच्या नोकरांपाशी. लाकडी, चालत्याबोलत्या आकृत्या. एक तर झोपडीच्या छपरावर बसून गावावर नजर ठेवतो. फ्रेंचमध्ये त्यांना ‘फेटिश’ म्हटलंय. ‘मूर्ती’ लिहिलं तर पोरांना गणपती आठवतो, ‘बाहुले’ लिहिलं तर भीतीच संपली. शिवाय कराबाला मी चेटकीण केलं होतं, तर सासूबाई म्हणाल्या, “चेटकीण म्हातारी असते गं, ही एवढी देखणी. जखीण कर.”

पाणवठा: सासूबाईंना नमस्कार सांगा, पण जखीण नको. आमच्या आजीची वर्गवारी पक्की होती: सवाष्ण मेली की जखीण, बाळंतीण मेली की अळवंतीण. तिन्हीसांजेला विहिरीवर कळशी घेऊन निघालं की ती दोन्ही नावं घ्यायची. थोडक्यात, या सगळ्या मेलेल्या बायका. कराबा जिवंत आहे, चूल पेटवत असेल. चेटकीणच बरोबर.

उलटा_चष्मा: चेटकीणच, आणि कारण भारी आहे. संस्कृतात चेट म्हणजे नोकर, चेटी म्हणजे दासी. चेटक म्हणजे राबवून घेतलेलं भूत. म्हणजे चेटकीण कोण, तर जिच्या हाताखाली चेट राबतात ती! शेवटी हे फेटिश म्हणजे गावचे हरवलेले पुरुषच निघतात ना? घ्या, अख्खं कथानक शब्दात आहे. फेटिशला ‘चेट’ म्हणा, काम फत्ते.

पाणवठा: तुमची व्युत्पत्ती गोड आहे, पण ‘चेट’ ऐकून चौथीतल्या पोराला मोबाइलवरचं चॅट आठवेल.

सातपुड्याकडचा: जरा वेगळं बोलतो. आमच्या भागात ‘डाकीण’ ठरवून बाईला गावाबाहेर काढल्याच्या गोष्टी कानावरून नाही, डोळ्यांसमोरून गेल्यात. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा उगाच नाही आला. शाळेच्या नाटकात ‘चेटकीण, चेटकीण’ ओरडणारी पोरं मला नकोत.

उलटा_चष्मा: मग काय ‘पर्यायी क्षमता असलेली महिला’ म्हणायचं?

सातपुड्याकडचा: टिंगल सोपी असते. ताई, गोष्टीतला किरिकूच सगळ्यांना विचारत सुटतो की कराबा दुष्ट का आहे. डोंगराआडचे आजोबा सोडले तर कुणाकडे उत्तर नसतं. निदान तो प्रश्न कापू नका.

खडीसाखर: दादा, नाही कापणार. तो तर कणा आहे गोष्टीचा. पण फेटिश?

मांडवीकाठ: हा शब्द मुळात आफ्रिकेतला नाहीच. पंधराव्या शतकात पोर्तुगीज गिनीच्या किनाऱ्यावर उतरले, तिथल्या ताईत-देवकांना त्यांनी आपला ‘फेइतिसु’ हा शब्द लावला. त्याच्या मुळाशी लॅटिनमधला ‘करणे, घडवणे’ हा धातू. १७६० मध्ये शार्ल द ब्रोस या फ्रेंच माणसाने त्यावरून ‘फेटिशिझम’ केलं आणि शब्द पुस्तकी झाला. आता बघा, आपल्याकडे ‘करणे’वरून काय होतं? करणी! नात्यागोत्याचा संबंध नाही, पण दोन्ही भाषांची चाल तीच. मी ‘करणीचे रखवालदार’ म्हणेन.

शुद्धमती: पोर्तुगिजांनी चिकटवलेलं लेबल आपण कशाला वाहायचं? माली भागातल्या बंबारा लोकांत अशा शक्तिवस्तूला ‘बोली’ म्हणतात. तेच ठेवा.

पाणवठा: “कराबाच्या बोली चालत आल्या.” कोणती? अहिराणी की मालवणी?

शुद्धमती: हसा. पण मुलांना परका शब्द पचतो, मोठ्यांनाच ढेकर येतात.

खडीसाखर: ‘करणीचे रखवालदार’ तोंडात बसतंय. भाचीला म्हणून दाखवलं, तिने लगेच खांदे ताठ करून चालून दाखवलं. आता शेवटचं. कराबाच्या पाठीत कुणीतरी विषारी काटा रुतवलेला असतो. दुष्टपणाही त्याचाच आणि जादूही त्याचीच. उपटताना जीव जाईल इतकं दुखेल म्हणून ती कुणाला हात लावू देत नाही. किरिकू तो दातांनी उपटतो. ‘काटा’ फार बोराटीच्या कुंपणासारखा वाटतो.

मांडवीकाठ: शल्य. शरीरात रुतून बसलेलं टोक, अगदी नेमका शब्द.

पाणवठा: चौथीतली पोरं ‘शल्य’ म्हणणार? त्याचंच मराठी रूप ‘सल’ आहे की. “कराबाच्या पाठीतली सल.”

उलटा_चष्मा: पाठीतला. सल पुल्लिंगी.

पाणवठा: आमच्याकडे ‘मनात सल राहिली’ असंच म्हणतात.

उलटा_चष्मा: तुमच्याकडे विहिरीवर जखिणीही बसतात. ‘मनातला सल’, बाकी चूक.

सातपुड्याकडचा: दोन्ही चालतात हो.

शुद्धमती: ‘दोन्ही चालतात’ म्हणूनच भाषेची ही गत झाली. लिंगनिर्णयाचा वेगळा धागा काढा कुणीतरी.

खडीसाखर: अहो, तालीम सोमवारी आहे. पोरं तोंडात दोरा धरून काटा उपटायचा सराव करतायत, मी ‘काटा’च ठेवतेय.

उलटा_चष्मा: ठेवा. पण सल पुल्लिंगीच.