बाबांनी गाडीत सांगितलेली लढाई : तुमच्याकडचा तुकडा इथे लिहा

येत्या शनिवारी बाबांना जाऊन महिना होईल. १९६६ साली ते बेळगावला भरती झाले. मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनमधून, म्हणजे जंगी पलटणीतून, ७१ची बांगलादेशची लढाई लढले. हवालदार म्हणून पेन्शनीवर आले आणि पुढची तीस वर्षं साताऱ्यात गाड्या विकल्या. त्या लढाईची दोन पदकं, 'पूर्वी स्टार' आणि 'संग्राम पदक', ट्रंकेत आईच्या शालूखाली ठेवलेली असायची. घरात त्यांनी लढाईबद्दल चकार शब्द काढला नाही. शाळेच्या निबंधासाठी मी हात धुऊन मागे लागले, तेव्हा "थंडी होती" एवढं बोलून त्यांनी पेपर उघडला.

तेराव्याला त्यांची जुनी गिऱ्हाइकं आली होती. त्यातले एकजण सहज म्हणाले, "नदीची ती गोष्ट त्यांनी मला घाटात सांगितली होती." मी नुसती बघत राहिले. म्हणजे बाबा बोलायचे, पण गाडीत, समोर रस्ता असताना. तुमच्यापैकी कुणाला त्यांनी काही सांगितलं असेल तर लिहा. अर्धं वाक्य असलं तरी लिहा. नुसती गाडीची आठवण असली तरी मला हवी आहे.

निवृत्त शिक्षक, कोरेगाव

१९९१ला मी मारुती ८०० बघायला गेलो होतो. त्यांनी आधी विचारलं, "गुरुजी, घरापासून शाळा किती लांब?" दोन किलोमीटर, म्हटलं. "मग स्कूटर आहे ती बरी आहे. थोरलीचं कॉलेज होऊ द्या, मग या." विकणारा माणूस असं म्हणाला. मी तीन वर्षांनी गेलो, आणि त्यांच्याकडेच गेलो.

त्यांची टेस्ट ड्राइव्ह म्हणजे यवतेश्वरचा घाट. ऐन चढावर गाडी थांबवायला लावली आणि म्हणाले, हाफ क्लचवर उचला. गाडी मागे सरकायची, आचका देऊन बंद पडायची. एका बाजूला दरी. मला दरदरून घाम फुटलेला आणि हे शेजारी मांडीवर हात ठेवून शांत. सात वेळा बंद पडली. मग म्हणाले, "घाबरलं की माणूस पाय एकदम उचलतो. नदीच्या वाळूत आमचंही तेच व्हायचं. रुतलेला पाय ओढायचा नसतो, हळूहळू सोडवायचा." आठव्यांदा गाडी उचलली. कुठली नदी, हे विचारायचं मला सुचलं नाही. आज तुझं वाचून कळलं, बाळ.

वर्कशॉपमधला मेकॅनिक

आमी त्यास्नी हवालदारसाहेबच म्हणायचो. दसऱ्याला, पाडव्याला एका दिवसात पंधरा-वीस गाड्यांची डिलिव्हरी असायची. आदल्या रात्री सगळी घरला गेली तरी ह्ये एकलेच हरेक गाडीपाशी उकिडवे बसल्याले. नटाला पाना लावून बघायचे, स्टेपनीत हवा बघायचे, जॅक उघडून परत मिटून ठेवायचे. आमी केल्यालं असायचं, तरीबी. त्यांच्या टॉर्चच्या काचंला लाल जिलेटीनचा कागद लावल्याला. म्या इचारलं, ह्यो कशापायी? तर म्हणले, "लाल उजेड लांबनं लवकर नजरंत भरत नाय. सवय हाय." टॉर्च माझ्याकडं हाय ताई. तुमास्नी आणून देतो.

२००८ पासून त्यांच्यासोबत विक्रीला असलेली सहकारी

शोरूमच्या फ्लोअरवर मी एकटी मुलगी होते. महिनाअखेर, टार्गेट अपुरं, आणि एक गिऱ्हाईक पुढच्या महिन्याच्या किमती वाढणार का म्हणून विचारत होतं. हो म्हटलं असतं तर त्याच दिवशी बुकिंग झालं असतं. काकांनी मला टेबलाशी बोलावलं, खणातून डबा काढला आणि मूठभर चुरमुरे हातावर ठेवले. "आधी खा. उपाशी पोटी माणूस खोटं लवकर बोलतो." मग स्वतःच सांगायला लागले. तिकडे एका म्हातारीनं ओच्यातून मुरी आणून त्यांच्या सेक्शनला वाटली होती. मुरी म्हणजे आपले चुरमुरेच. तिच्या घरात तेवढंच होतं, हे त्यांना पुढे गेल्यावर कळलं. परत त्या वाटेनं जाणं झालं नाही.

गिऱ्हाइकाला मी माहीत नाही म्हणून सांगितलं. ते गेलं. काका त्यावर काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे आलेलं एक बुकिंग माझ्या नावावर टाकलं.

*(मुलगी : आमच्याकडे चुरमुऱ्यांचा डबा कधी रिकामा राहिला नाही. बाबांना भडंगाची आवड आहे असं आई आणि मी समजत होतो. आईला हे आत्ता वाचून दाखवलं.)*

पलटणीतल्या सोबत्याचा मुलगा, कराड

माझे वडील आणि तुमचे बाबा एकाच कंपनीत होते. वडिलांनी सांगितलेलं देतो. आताच्या बांगलादेशातल्या जमालपूरला पाकिस्तानची ३१ बलुच ही पलटण मोर्चे धरून होती. आपल्या ब्रिगेडियर क्लेर यांनी शरण येण्यासाठी चिठ्ठी पाठवली, तर उत्तरासोबत कागदात गुंडाळलेली गोळी आली. जंगी पलटण तोवर ब्रह्मपुत्रा ओलांडून शहराच्या मागे, दक्षिणेच्या वाटेवर दबा धरून बसली होती. १० डिसेंबरच्या रात्री शत्रू तीच वाट फोडून निघायला आला. आवाज नाही, उजेड नाही, विडी नाही. वडील म्हणायचे, समोरच्याचा खोकला ऐकू येईपर्यंत थांबलो. ११ला जमालपूर पडलं. सकाळी उजाडल्यावर काय दिसलं, ते माझ्याही वडिलांनी सांगितलं नाही.

*(मुलगी : बाबांच्या खिशातल्या डायऱ्या काढल्या. त्यात डिलिव्हऱ्या, चेसिस नंबर, आरटीओच्या तारखा. पण दरवर्षी १० डिसेंबरला फक्त "यवतेश्वर" लिहिलंय. गिऱ्हाइकाचं नाव नाही. त्या रात्री ते "कंपनीचं काम आहे" म्हणून जायचे. कुणाला काही माहीत आहे का?)*

घाटातला चहावाला

मुलानं वाचून दाखवलं म्हणून सांगतो, तोच लिहितोय. थंडीत एक रात्र साहेब यायचे. कडेला गाडी लावून इंजिन बंद, दिवे बंद. आत बसून राहायचे. मी चहा न्यायचो तर काच खाली करून घ्यायचे. पहिल्या वर्षी म्हणाले, "तुझा तेवढा बल्ब घालवशील का थोडा वेळ?" तेव्हापासनं त्यांची गाडी दिसली की मी आपणहून बल्ब घालवायचो. उजाडलं की पैसे देऊन खाली जायचे.