मार्सेलिसला आईबाबांना घेऊन जायचंय: मुक्काम, जेवण, चालणं याबद्दल सल्ला हवा

कृष्णाकाठची_मंजू

नमस्कार मंडळी,

मे अखेरीस दक्षिण फ्रान्सला जायचं ठरतंय. आम्ही पाच जण आहोत. मी, नवरा, अकरा वर्षांची लेक आणि माझे आईबाबा. बाबा ७४ वर्षांचे आहेत, हायस्कूलमध्ये इतिहास शिकवायचे. सावरकरांच्या उडीचा धडा त्यांनी कित्येक वर्षं जीव ओतून शिकवला, त्यामुळे मार्सेलिसचं बंदर एकदा डोळ्यांनी बघायचं ही त्यांची फार जुनी इच्छा आहे. आई सत्तरीची. पक्की शाकाहारी, अंडंसुद्धा चालत नाही. गुडघे दुखतात, आणि मधुमेहाच्या गोळ्यांमुळे जेवणाची वेळ टळून चालत नाही. नवरा गुहागरचा, त्याला मासे मिळाले की बाकी काही नको.

आमचे टूरवाले म्हणतात, नीसला सहा रात्री राहा आणि मार्सेलिस एका दिवसात उरकून परत या, ते गाव गलिच्छ आणि धोक्याचं आहे. बाबा काही बोलले नाहीत, पण चेहरा उतरला. खरंच तिथे राहण्यासारखं नाही का? राहिलो तर कुठल्या भागात राहावं? आईच्या जेवणाचं कसं करायचं? तिथे राहिलेल्या किंवा जाऊन आलेल्या कुणी सांगितलं तर बरं होईल.

लुमिनीची_वाट

मंजू, मी या गावात राहते. लुमिनीच्या विद्यापीठात नोकरी, माहेर नाशिकचं. माझे आईबाबाही तुमच्या आईबाबांच्याच वयात इथे येऊन राहिले होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एका दिवसाचा बेत डोक्यातून काढून टाका. नीसहून इथे यायला आगगाडीने अडीच तासांच्या वर लागतात आणि जायला तेवढेच. आईंचे पाच तास गाडीत जाणार आणि पदरात पडणार जुन्या बंदराभोवतीची एक घाईची फेरी. बाबांना हे गाव बघायचं असेल तर मुक्काम इथेच हवा, निदान चार-पाच रात्रींचा. हे शहर ख्रिस्तपूर्व ६००च्या सुमाराला ग्रीक दर्यावर्दींनी वसवलं, फ्रान्समधलं सगळ्यांत जुनं. ते हळूहळू उलगडतं. सकाळी बाजार, दुपारी घरी पाठ टेकणं, संध्याकाळी समुद्र, असा दिवस ठेवला तर सत्तरीच्या माणसांनाही इथे फार सुखाचं वाटतं. मे अखेरीस रात्री नऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे दुपारची झोप कुणी चुकवायचं कारण नाही.

येताना पॅरिस शहरात शिरावंच लागत नाही. मुंबईहून पॅरिसला थेट विमान आहे. शार्ल द गॉल विमानतळाच्या दोन नंबर टर्मिनललाच टीजीव्हीचं स्टेशन आहे, तिथून मार्सेलिसच्या थेट वेगवान आगगाड्या सुटतात. प्रवास साधारण चार तासांचा. विमान उतरणं आणि गाडी सुटणं यांत चार तास तरी मोकळे ठेवा. शेंगेन म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांत पहिल्यांदा शिरताना आता सीमेवर फोटो आणि बोटांचे ठसे घेतात, रांग लांबते. आईंसाठी विमान कंपनीकडे व्हीलचेअर आधीच नोंदवून ठेवा, चालता येत असलं तरीही. त्या विमानतळावर चालणं खूप आहे.

राहायला जुन्या बंदराची दक्षिणेकडची बाजू घ्या, ऑपेराच्या आसपास किंवा तिथून प्रेफेक्चर आणि कास्तेलानपर्यंतचा पट्टा. सपाट रस्ते, मेट्रो जवळ, संध्याकाळी माणसांची जाग. ‘ल पानिए’ हा जुना मोहल्ला फोटोत फार गोड दिसतो, पण तो चढावर आहे आणि पायऱ्या पुष्कळ. तिथे सकाळी फिरायला जा, राहायला नको. सँ शार्ल स्टेशनाजवळच्या आणि बेल्झाँस भागातल्या स्वस्त खोल्या या वयाच्या माणसांना घेऊन घेऊ नका, रात्री परतताना जिवाला घोर लागतो. आणि घरमालकाला लिफ्टबद्दल लेखी विचारा. इथल्या जुन्या इमारतींत अरुंद गोल जिने असतात, आणि जाहिरातीत लिफ्टचा उल्लेख नसेल तर ती नाहीच असं समजा.

हॉटेलऐवजी स्वयंपाकघर असलेली जागा घ्या. आईंच्या दृष्टीने हीच सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट आहे. इथे हॉटेलात दुपारचं जेवण बारा ते दोन मिळतं, मग चूल बंद होते ती संध्याकाळी सात-साडेसातला पेटते. साडेतीनला भूक लागली तर पाव आणि कॉफीपलीकडे फारसं काही मिळत नाही. मधुमेह असलेल्या माणसाचे यात हाल होतात. बंदरापासून पाच-सात मिनिटांवर नोआयचा बाजार आहे. उत्तर आफ्रिकेतली मंडळी पिढ्यान्‌पिढ्या इथे राहतात, त्यामुळे कोथिंबीर, पुदिना, हिरव्या मिरच्या, काबुली चणे, मसूर, जिरं, हळद, सगळं तिथे मिळतं. कोथिंबिरीची जुडी बघून माझी आई त्या बाजारात जी रमली, ती रोज सकाळी मला तिकडेच घेऊन जायची. प्रेशर कुकर आणू नका, छोटं पातेलं घरात असतंच. गोडा मसाला आणि आईंच्या हाताचं मेतकूट मात्र आणा.

बाहेर खायचं झालं तर ‘पानीस’ जरूर खा. चण्याच्या पिठाचं घट्ट पिठलं थापून, कापून तळलेले काप असतात. लेस्ताक या उपनगरातले प्रसिद्ध आहेत. फक्त मीठ-मिरी लावून गरम देतात आणि आईंना नक्की आवडतील. तळणीत आधी मासे तळले आहेत का, एवढं विचारून घ्या. आता धोके सांगते, कारण इथे शाकाहारी माणूस फसतो तो मांसामुळे नाही, एका बारक्या मासळीमुळे. अँचोवी. ‘तापनाद’ नावाची ऑलिव्हची चटणी पावाला लावून देतात, दिसायला पूर्ण शाकाहारी, पण तिच्यात अँचोवी वाटलेली असते. इथला पिझ्झा अर्धा चीजचा, अर्धा अँचोवीचा अशी जुनी पद्धत आहे. कुसकुसच्या भाज्या अनेकदा मटणाच्या रश्शात शिजतात. म्हणून कागदावर फ्रेंचमध्ये ‘मांस नाही, मासे नाहीत, अंडं नाही, रस्साही नाही’ असं स्पष्ट लिहून आणा आणि वाढणाऱ्याच्या हातात द्या. वाचून माणसं मनापासून मदत करतात. आई चीजमधलं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करायला घालतात ते विरजण, तेही टाळत असतील तर इथलं चीज टाळावं लागेल, बहुतेक पारंपरिक चीजमध्ये ते वासराचंच असतं.

गावाच्या बदनामीबद्दल. मार्सेलिसमध्ये गुन्हेगारी आहे, ती मी नाकारणार नाही. पण गोळीबाराच्या ज्या बातम्या येतात त्या बहुतेक उत्तरेकडच्या वस्त्यांमधल्या अमली पदार्थांच्या टोळ्यांच्या असतात. प्रवाशाला भीती आहे ती खिसेकापूंची आणि हातातला फोन हिसकावणाऱ्यांची. आईंचं मंगळसूत्र आणि बांगड्या घरी ठेवून या, गळ्यात साधी पोत पुरे. रस्त्यात नकाशा बघायचा तर भिंतीला पाठ लावून उभं राहा. कचरा काही भागांत दिसतो, खरंय. तो बघून हे गाव सोडून जाणाऱ्यांबद्दल मला मनापासून वाईट वाटतं.

हर्णैचा_मासेखाऊ

गुहागरच्या जावईबापूंसाठी एवढंच: सकाळी जुन्या बंदराच्या टोकाच्या धक्क्यावर कोळी आपापल्या होड्यांतून आणलेले मासे टेबलांवर मांडून विकतात. जिवंत, हलणारे. आठ-नऊच्या सुमाराला जा, दुपारी काही उरत नाही. मोठा बाजार नाही, मोजकीच टेबलं, पण प्रत्येकाशी बोलावंसं वाटतं. फ्रेंच येत नसलं तरी माशाकडे बोट दाखवून गप्पा होतात.

‘बुइयाबेस’, म्हणजे इथला माशांचा प्रसिद्ध रस्सा, खायची तर एकदाच खा आणि नीट जागी खा. १९८० साली इथल्या काही हॉटेलवाल्यांनी मिळून त्याची सनद केली, निदान चार जातींचे मासे हवेत, खडकातली रास्कास वगैरे. आधी केशर घातलेला रस्सा येतो, सोबत भाजलेला पाव आणि लसूण-केशराची लालसर ‘रुई’ नावाची चटणी. मग मासे वेगळ्या ताटात आणून तुमच्यासमोर काटे काढतात. माणशी पन्नास-साठ युरोंच्या पुढे जाते आणि बऱ्याच ठिकाणी आदल्या दिवशी सांगावं लागतं. बंदरावर वीस युरोंत पाटी लावलेली दिसली तर तिथे थांबू नका, पुढे चला. वालाँ देझ ओफ ही कोळ्यांची छोटी खाडी गावातच आहे, जेवायचं नसलं तरी संध्याकाळी होड्या बघायला जा.

संथ_वाहते

मी नीसच्या बाजूने बोलणार. आईंचे गुडघे बघता तिथला समुद्रकाठचा सपाट, लांबलचक रस्ता आणि त्यावरच्या निळ्या खुर्च्या फार सोयीच्या आहेत. मार्सेलिस चढ-उताराचं गाव आहे. पाच रात्री तिथे आणि शेवटच्या दोन-तीन नीसला असं केलंत तर दोन्ही साधेल, आणि सामान घेऊन गाडीही एकदाच बदलावी लागेल.

व्हिसाचं: प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. उन्हाळ्याच्या सुट्टीच्या तारखा भराभर संपतात, तेव्हा जानेवारी-फेब्रुवारीतच वेळ घ्या. शुल्क मोठ्यांना ९० युरो, सहा ते बारा वर्षांखालच्या मुलांना ४५. प्रवासविमा निदान ३०,००० युरोंचा आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारा हवा. बाबांचं वय बघून पॉलिसी नीट वाचा, सत्तरीनंतर काही कंपन्या आधीपासूनचे आजार वगळतात.

कृष्णाकाठची_मंजू

तुमचं सगळ्यांचं लिहिणं मोबाइलवरून बाबांना वाचून दाखवलं. टूरवाल्यांना आजच फोन करून नीसचे दिवस कमी करायला सांगितले. लुमिनीताई, दोन गोष्टी राहिल्या. बाबा विचारतात, सावरकरांच्या उडीची जागा नेमकी कुठे आहे? आणि लेकीला लॅव्हेंडरची शेतं बघायची आहेत, पोहायचंही आहे.

लुमिनीची_वाट

बाबांना सांगा, जुन्या बंदरात उभं राहून फोटो काढून परतणारे बरेच जण चुकीच्या जागी उभे असतात. मोठ्या आगबोटी १९१० साली तिथे लागत नसत. त्यांच्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून उत्तरेला ला जोलिएतचे आणि त्याच्या पुढचे धक्के बांधले गेले होते. ८ जुलै १९१० रोजी ‘मोरिया’ ही बोट या बंदराला लागलेली असताना सावरकर संडासाच्या गोल खिडकीतून बाहेर पडले, पोहत किनारा गाठला, आणि धावताना फ्रेंच पोलिसाच्या हाती लागले. पुढचं हेगच्या आंतरराष्ट्रीय लवादाचं प्रकरण बाबांना माहीत असेलच. २४ फेब्रुवारी १९११च्या निकालात लवादाने पकडण्यातली अनियमितता मान्य केली, पण ब्रिटनवर त्यांना परत करण्याचं बंधन नाही असं ठरवलं.

त्या धक्क्यांवर आज आत सोडत नाहीत. पण जोलिएतला ‘ले तेरास द्यु पोर’ नावाचा मॉल आहे, त्याच्या मागची लांबच लांब गच्ची थेट बंदरावर उघडते. लिफ्ट आहे, बसायला जागा आहे, आई सावलीत बसू शकतील. समोर कॉर्सिका आणि अल्जीरियाला जाणाऱ्या बोटी लागलेल्या असतात. बोटीच्या भिंतीपासून पाणी किती खाली आहे हे तिथून कळतं. ते बघताना माझे बाबा बराच वेळ बोलले नव्हते.

इतिहासाच्या शिक्षकांना आणखी एका ठिकाणी न्याच. शहराच्या दक्षिणेला माझार्गची युद्धस्मशानभूमी. सप्टेंबर १९१४च्या अखेरीस हिंदी सैन्य याच बंदरात उतरलं, आणि त्यात खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्सच्या, म्हणजे लष्करी इंजिनिअरांच्या, तुकड्याही होत्या. पुढच्याच महिन्यात नव शापेलच्या लढाईत त्यांची फार हानी झाली. माझार्गला ज्यांचं दहन झालं अशा दोनशेहून अधिक हिंदी सैनिकांची नावं मागच्या बाजूच्या स्मारकावर कोरली आहेत. १९२५ साली ते उभं राहिलं. जागा सपाट आहे, टॅक्सी करा. गावात आता भारताचं वाणिज्य दूतावासही आहे, फेब्रुवारी २०२५मध्ये उघडलं. पासपोर्ट हरवला तर पॅरिसला धावावं लागणार नाही, पत्ता जवळ ठेवा.

लॅव्हेंडर मे अखेरीस फुललेलं नसतं. वालँसोलचं पठार जूनच्या शेवटी ते जुलैच्या मध्यापर्यंत जांभळं होतं. त्या दिवसांत इथे तिशीपार ऊन आणि आगीच्या भीतीने कालांकच्या, म्हणजे चुनखडीच्या कड्यांमधल्या निळ्या खाड्यांच्या, डोंगरवाटा बंद होण्याची शक्यता असते. आईबाबांसाठी मे-च बरा, लेकीची समजूत घाला. पाणी मे-मध्ये थंड असतं, पण मुलं उतरतात. प्रादोचे किनारे तिला सोयीचे. जुन्या बंदरावरून ८३ नंबरची बस समुद्राच्या कडेकडेने तिकडे जाते, आणि त्या बसचा रस्ताच बघण्यासारखा आहे. उजवीकडची खिडकी धरा. कालांक आईबाबांना बोटीतून दाखवा. चालत जायचं तर दगडगोट्यांची उतरण आहे, तुम्ही दोघं लेकीला घेऊन एका सकाळी लुमिनीहून सुजितोंच्या खाडीला उतरून या आणि आईबाबांना माझ्याकडे चहाला सोडा, मनापासून म्हणतेय. निरोप खाजगीत टाका.

बोटीचा दिवस मुक्कामाच्या सुरुवातीलाच ठरवा. मिस्त्राल हा इथला जोराचा वारा सुटला की बोटी बंद होतात आणि तो कधीकधी दोन-तीन दिवस थांबत नाही. आकाश लखलखीत निळं असतं, ऊन असतं, आणि तरी अंगात स्वेटर लागतो. म्हणजे सगळ्यांचे स्वेटर आणि आईंसाठी कानटोपी सामानात हवी. त्या दिवशी म्यूसेम संग्रहालय बघा, फक्त मंगळवार सोडून. सँ जाँ किल्ल्यातल्या बागांना तर तिकीटही नाही.

आणि नोत्र दाम द ला गार्द. टेकडीवरचं हे चर्च गावात कुठूनही दिसतं, वर मेरीची सोनेरी मूर्ती आहे. आत छतापासून छोट्या छोट्या होड्या टांगलेल्या आहेत आणि भिंतीभर संगमरवरी पाट्या. समुद्रातून जिवंत परत आलेल्यांनी फेडलेले नवस आहेत ते. आईंना हे कुणी समजावून सांगावं लागणार नाही. चालत चढू नका, जुन्या बंदराहून ६० नंबरची बस वरपर्यंत जाते. बस सोडते तिथून आणखी पायऱ्या आहेत, पण लिफ्टही आहे, विचारलं की दाखवतात. सकाळी लवकर जा, अकरानंतर त्या बसमध्ये आईंना बसायला जागा मिळणं कठीण.