कॅसरोल म्हणजे पोळ्यांचा डबा नव्हे: ओव्हनमधल्या खिम्याचे अनुभव

परवा सासूबाईंना फोनवर म्हटलं, "आज रात्री बीफ कॅसरोल करतेय." पलीकडे शांतता. मग प्रश्न आला, "अगं, मग पोळ्या कशात ठेवशील?"

आम्ही नाशिकच्या शरणपूर रोडवरचे ख्रिस्ती, त्यामुळे बीफचं कुणाला काही नाही. फक्त २०१५ पासून राज्यात गाय, बैल, वळू बंद; आपल्याकडे बीफ म्हणजे म्हशीचंच. हा कॅसरोल म्हणजे भांड्यात थर लावून ओव्हनमध्ये भाजायचा पदार्थ. कृती सोपी वाटली: अर्धा किलो खिमा, दोन कांदे, तीन टोमॅटो, उकडलेली मॅकरोनी, वर पांढरा सॉस आणि चीज, १८० अंशांवर २५ मिनिटं. सातला ऑफिसातून येऊन साडेआठला ताटं वाढायची होती. बाहेर काढलं तर वर चीज, खाली रस्सा आणि त्यात पोहणारी मॅकरोनी. तुमचं काय होतं ते आपापल्या भागाच्या नावाने खाली लिहा. मोठ्याचं, म्हणजे बीफ, खात नसाल तर बोकडाचं, कोंबडीचंही चालेल.

इंदिरानगर
ताई, कांदा कुठला होता? दिवाळीच्या आसपासचा नवा लाल असेल तर तो पाणी सोडणारच. उन्हाळ कांदा त्यामानाने कोरडा. पण खरी चूक खिम्याची. आपण सवयीने आधी कांदा परततो आणि त्यावर खिमा टाकतो. या पदार्थाला उलटं करा. रुंद कढई, मोठा गॅस, नुसता खिमा, झाकण नाही. आधी तो पाणी सोडून खदखदतो, रंग राखाडी, बघवत नाही. हलवत राहा. दहा-बारा मिनिटांनी आवाज बदलतो, खदखदचं चरचर होतं आणि तळाला तपकिरी खरपूस थर धरतो. तेव्हा कांदा घाला. त्याच्याच ओलाव्याने तो थर सुटतो, सगळी चव तिथे असते. टोमॅटोही तेल सुटेपर्यंत आटवा. ओव्हनमध्ये पाणी आटेल ही आशा सोडा, वर चीजचं झाकण असतं ना!

देवळाली कॅम्प
सासरे तोफखान्यात होते, त्यामुळे आमच्याकडे मॅकरोनी नाही, वर बटाट्याचा लगदा. मेंढीच्या खिम्याची ती शेफर्ड्स पाय, बीफची कॉटेज पाय. सासरे अजून चूक सुधारतात. लगद्यावर काट्याने रेघा ओढायच्या, उंचवटे लाल होतात आणि पोरं त्यावरच तुटून पडतात. एकदा मी शहाणपणाने खिम्याऐवजी तुकडे घातले. म्हशीच्या मांसात चरबी कमी आणि धागा चिवट. ४० मिनिटांनी चप्पल बाहेर आली. आता तुकडे असतील तर आधी कुकर: एक शिट्टी आणि मग मंद गॅसवर अर्धा तास. तो रविवारचा उद्योग, बुधवारचा नव्हे.

सिडको
माझा अनुभव तीन सेकंदांचा आहे. काचेचं भांडं ओव्हनमधून काढलं आणि नुकत्याच पुसलेल्या ओल्या ओट्यावर ठेवलं. टक्क! मधोमध तडा, मग दोन तुकडे, खिमा ओट्यावर. सगळा फेकला, काचेचा कण कुठे गेला सांगता येत नाही. अंडाभुर्जी-पाव खाल्ला. तेव्हापासून ॲल्युमिनियमचा केकचा डबा, आणि खाली लाकडी पोळपाट.

पंचवटी
ओव्हन नाही. जाड कढईत मिठाचा थर, त्यावर स्टँड, वर घट्ट झाकण. शिजतं छान, पण उष्णता फक्त खालून, त्यामुळे वर पांढरंफटक. आजी झाकणावर निखारे ठेवायची, ते आता फ्लॅटमध्ये कुठून आणू? पावाचा चुरा लोण्यात लाल भाजून वरून पसरते.

कॉलेज रोड, भाड्याचं घर
मालकांना मांसाहार चालत नाही, म्हणून मी कोंबडीचा खिमा आणि खिडक्या बंद. गंमत म्हणजे फोडणीपेक्षा ओव्हनचा वास कमी संशयास्पद. लोणी, चीज, भाजलेला पाव. मालकीणबाईंनी जिन्यात विचारलं, "केक करता का हो?" हो म्हणाले. आता त्या केकची वाट बघताहेत.

नाशिकरोड
कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हवाल्यांनो, बटण बघून दाबा. मी घाईत नुसता मायक्रो लावला होता. कडा उकळतायत, मध्यभाग फ्रिजइतका गार, चीजचं रबर.

धागाकर्ती
काल पुन्हा केला. खिमा सोमवारी रात्रीच चरचर होईपर्यंत परतून फ्रिजमध्ये ठेवला होता. दोन गोष्टी कळल्या. थेट फ्रिजमधून गेलेल्या भांड्याला २५ नाही, ४० मिनिटं लागतात. चीज आधी करपतं, म्हणून सुरुवातीला फॉइल. आणि दूध थेट टोमॅटोत ओतलं तर फाटतं. आधी लोण्यात मैदा परतून सॉस दाट करा, मग थर द्या. या वेळी वडी पडावी तसा तुकडा निघाला. सासूबाई आल्या होत्या. एक घास खाल्ला, काही बोलल्या नाहीत, उठून डब्यातला काळा मसाला आणला आणि स्वतःच्या तुकड्यावर भुरभुरला. मग माझ्याही.

इंदिरानगर
किती घालायचा? आणि खिम्यातच, की वरून?