मदत हवी आहे: लहान मुलं घेऊन ग्रीसचं कुठलं बेट? (आज रात्रीच ठरवायचंय)

शर्वरी_क:
सँटोरिनी की नॅक्सोस? सँटोरिनीला हॉटेल धरून ठेवलंय, पण ते फुकटात रद्द करायची मुदत आज रात्री संपतेय. नवऱ्याला तेच हवंय, का तर फोटो. मी जितके व्हिडिओ बघतेय तितका गोंधळ वाढतोय. ज्यांनी मुलांना घेऊन केलंय त्यांनीच सांगा. आणि 'दोन्ही करा' असं कृपया कुणी सांगू नका, आठवडासुद्धा हातात नाहीये.

भटकी_जमात:
मुलं केवढी? निघणार कुठून? कोणत्या महिन्यात? हे न सांगता उत्तर कसं देणार, ताई?

अण्णा_मिरजकर:
सर्वात आधी व्हिसाचं बघा. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, निदान १५ दिवस आधी तरी हवाच. ३०,००० युरोचा प्रवास विमा लागतो. सहा वर्षांखालच्या मुलांना फी नाही. मे महिन्यात अपॉइंटमेंटची मारामार असते.

शर्वरी_क:
अण्णा, धन्यवाद, पण व्हिसाचा प्रश्नच नाही. आम्ही जर्मनीत, श्टुटगार्टला राहतो. लेक चार वर्षांची, धाकटा सव्वा वर्षाचा, नुकता चालायला लागलाय. फिंग्स्टनच्या सुट्टीत जातोय, म्हणजे मेअखेर-जूनची सुरुवात.

खारा_वारा:
सव्वा वर्षाचा आणि सँटोरिनी? अहो, मुदत संपायच्या आत रद्द करा! इया आणि फिरा ही दोन्ही गावं ज्वालामुखीच्या कड्यावर वसलेली. खोलीपासून नाश्त्यापर्यंत पायऱ्या, खोलीबाहेर पाऊल टाकलं की पायऱ्या, आणि कठड्याच्या पलीकडे थेट खाली समुद्र. बाबागाडी दोघांनी उचलून न्यायची. आम्ही सुट्टीभर मुलाच्या टीशर्टची कॉलर धरून हिंडलो.

मस्त_कलंदर_७:
असहमत. कड्यावर राहायची सक्ती कुणी केलीय? कामारी किंवा पेरिसाला राहा. सपाट आहे, पुळणीला लागून खानावळी आहेत. संध्याकाळी बसने इयाला जाऊन फोटो काढून यायचं. नवरा खूश, मुलं खूश.

खारा_वारा:
पेरिसाची वाळू काळी आहे. दुपारी त्यावर अनवाणी पाय ठेवून दाखवा. शिवाय तिथे पाणी पटकन खोल होतं. आणि इयाचा सूर्यास्त म्हणजे साडेआठ वाजलेले आणि धक्काबुक्की. चार वर्षांची मुलगी तेव्हा कुठल्या मूडमध्ये असते ते आईला विचारा.

मस्त_कलंदर_७:
आमची होती व्यवस्थित. सगळ्यांचीच पोरं चिडकी नसतात. (हलके घ्या.)

बेकरबाई:
तुम्ही दोघं भांडा, मी मधे सांगून घेते. क्रीटला जा! श्टुटगार्टहून हेराक्लिओनला थेट विमान मिळतं. बोट नाही, बदलणं नाही. एलाफोनिसीला गुलाबी वाळू आणि लांबवर गुडघाभर पाणी.

भटकी_जमात:
एलाफोनिसी हेराक्लिओनहून कितीतरी लांब, पार दुसऱ्या टोकाला आहे. त्यासाठी हान्याला उतरायला हवं. गाडीत तीन-चार तास पोरांना बांधून ठेवणार?

शर्वरी_क:
क्रीट नको. अथेन्सपर्यंतची तिकिटं काढून झालीत. पुढे बोटीने जायचंय. मोठीला घाटात गाडी लागते, त्यामुळे बोटीचीही धास्ती आहे. आणि सोबत सासूबाई आहेत, त्यांचे गुडघे दुखतात.

खारा_वारा:
आता सांगताय? गुडघे म्हटल्यावर सँटोरिनीचा विषयच संपला.

अण्णा_मिरजकर:
सासूबाई भारतातून येणार का? मग त्यांना ग्रीसचा वेगळा व्हिसा लागेल.

सरळ_रेषा:
लागत नाही, अण्णा. जर्मनीचा नेहमीचा शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा) असेल तर तोच ग्रीसला चालतो. फक्त मुदत आणि राहायचे दिवस तपासा, आणि पासपोर्ट बरोबर ठेवा. शेंगेनच्या आतलं विमान म्हणून घरी ठेवून निघतात लोक.

नॅक्सोसवाली:
मूळ प्रश्नावर येते. आम्ही दोन वेगवेगळ्या उन्हाळ्यांत नॅक्सोसला राहिलोय, पोरं तुमच्यासारखीच लहान होती.

राहायचं होरा गावाला लागून, आगिओस गेओर्गिओस पुळणीजवळ. गावातून चालत जाता येतं, वाळू बारीक आणि पाणी बरंच आतपर्यंत उथळ. आमचा धाकटा तिथे प्लॅस्टिकच्या मगाने समुद्र उपसत बसायचा आणि आम्ही खुर्चीतून न उठता लक्ष ठेवायचो. आगिया आन्ना, प्लाका ह्या पुळणी बसने होतात. सासूबाईंना संध्याकाळी बंदराच्या कडेने सपाट चालता येईल. जुन्या किल्ल्याच्या गल्ल्या मात्र चढाच्या आणि पायऱ्यांच्या, तिकडे बाबागाडी न्यायच्या फंदात पडू नका. पोर्तारा, म्हणजे अपोलोच्या अपुऱ्या राहिलेल्या देवळाचा संगमरवरी दरवाजा, बंदरापासून चालत गाठता येतो. तिथली वाट समुद्राच्या मधून जाते आणि वारा असला तर लाटा अंगावर येतात. लेकीला हात धरून न्या.

जूनच्या सुरुवातीला पाणी गार असतं, वीस अंशांच्या आसपास. मुलांना फरक पडत नाही, आपल्यालाच हुडहुडी भरते.

शर्वरी_क:
हे हवं होतं! आणि बोट? अथेन्सजवळच्या बंदरांपैकी पिरेअसहून की राफिनाहून? विमानाने नाही का जाता येत?

नॅक्सोसवाली:
विमानं जातात, पण धावपट्टी जेमतेम ९०० मीटरची, त्यामुळे छोटीच उतरतात. तिकिटं महाग आणि पटकन संपतात. तुमच्यासाठी पिरेअसहून ब्लू स्टार कंपनीची मोठी बोट. साधारण सव्वापाच तास. सकाळी साडेसातच्या सुमारास सुटते, म्हणून आदली रात्र पिरेअसलाच काढा.

मस्त_कलंदर_७:
सव्वापाच तास कशाला? वेगवान बोट साडेतीन-चार तासांत पोचवते. आणि विमानतळापासून राफिना जवळ पडतं, मेट्रोने पिरेअसला जायलाच तास जातो.

खारा_वारा:
गाडी लागणाऱ्या मुलीला वेगवान कॅटामरानमध्ये? ती लाटांवर आपटते, आणि बाहेर डेकवर उभं राहता येत नाही. मोठ्या बोटीवर लेकीला मोकळ्या हवेत नेऊन क्षितिजाकडे बघायला लावता येतं. वारा वाढला की आधी वेगवान बोटीच रद्द होतात.

नॅक्सोसवाली:
+१. मेल्तेमी वाऱ्याचा खरा जोर जुलै-ऑगस्टमध्ये, त्यामुळे तुम्हाला त्रास कमी. तरीही परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशीच अथेन्सला या. पाच वर्षांखाली बोटीला पैसे नाहीत, पण शून्य रुपयाचं का होईना, तिकीट काढावंच लागतं.

सरळ_रेषा:
शून्य युरोचं.

बेकरबाई:
सासूबाई शाकाहारी का? फावा मागा, आपल्या घट्ट वरणासारखं असतं, वर कच्चा कांदा. टोमॅटोत शिजवलेले मोठे पांढरे घेवडे, त्यांना गिगांतेस म्हणतात. भात भरलेल्या टोमॅटोत कधी खिमा असतो, विचारून घ्या. उपासाचं म्हणून जे देतात त्यात कोळंबी, ऑक्टोपस चालतात बरं का! नॅक्सोसचे बटाटे प्रसिद्ध आहेत, नुसते तळलेले मागवले तरी पोरांचं पोट भरतं.

शर्वरी_क:
त्या कांदा-लसूण पण खात नाहीत.

बेकरबाई:
मग कांदा बाजूला काढा. लसणाचं काही करू शकत नाही. मेतकूट आणि छोटा कुकर न्या.

खारा_वारा:
कुकर? कुकर न्यायचा तर सुट्टी कसली?

शर्वरी_क:
सँटोरिनी रद्द केलं. आगिओस गेओर्गिओसजवळ स्वयंपाकघर असलेली जागा मिळाली, तळमजल्यावर. नवरा रुसलाय. बंदरावरून तिथवर टॅक्सीला कारसीट मिळेल का?

नॅक्सोसवाली:
घरमालकाला आत्ताच मेसेज करा. अनेक जण बंदरावर न्यायला येतात, सीटचंही बघतात. गाडी भाड्याने घेणार असाल तर सीट आरक्षणातच लिहून घ्या.

डोंबिवली_फास्ट:
छान धागा. आम्ही डिसेंबरात जातोय, सोबत दोन वर्षांची मुलगी. ह्यातलं कुठलं बेट चांगलं?

नॅक्सोसवाली:
डिसेंबरात बेटांवरची बहुतेक हॉटेलं आणि पुळणीवरच्या खानावळी बंद असतात. अथेन्स करा. आणि नवा धागा काढा, कुठून निघणार ते आधी लिहा.