आरएमडिर रिकामं फोल्डर काढत नाहीये, का?

परळवाला: अंधेरीच्या ऑफिसात स्कॅन केलेल्या बिलांचा लिनक्स सर्व्हर आहे, रोज तारखेचं फोल्डर बनतं आणि फाइली पुढे गेल्या की रिकामं पडून राहतं, सी प्रोग्रॅममधून आरएमडिर (rmdir, रिकामं फोल्डर काढायचा कॉल) मारतोय तर एरर ३९ येतेय, एलएस (आतल्या फाइलींची यादी दाखवणारी कमांड) केलं तर काहीच दिसत नाही. आधी आतलं मोजून मग उडवू का?

मुलुंडकर: ३९ म्हणजे ईनॉटएम्प्टी, आत काहीतरी आहेच. एलएस -ए मारून बघ, टिंबाने सुरू होणाऱ्या फाइली साध्या एलएसमध्ये दिसत नाहीत, कोणी मॅकवरून शेअर उघडला असेल तर मॅकने आपणहून बनवलेली .डीएस_स्टोअर फाइल पडलेली असते. आणि मोजायच्या भानगडीत पडू नकोस रे, तू मोजून कॉल मारेपर्यंत दुसरी प्रोसेस आत फाइल टाकू शकते. थेट आरएमडिर मार, रिकामं असेल तरच कर्नल (लिनक्सचा गाभा) काढतो नाहीतर हात लावत नाही, म्हणूनच मला हा कॉल इतका भरवशाचा वाटतो.

बोरिवली_सी: +१. फोल्डरात फोल्डर असतील तर सगळ्यात आतल्यापासून बाहेर ये. एरर १३ (परवानगी नाही) आली तर आधी वरच्या फोल्डरची परमिशन बघ, लिहायचा हक्क तिथे लागतो.

परळवाला: .डीएस_स्टोअरच निघाली! ती आधी अनलिंक केली (म्हणजे उडवली), आता जातंय. थँक्स भावांनो.